मासळी-प्रक्रियेच्या दुर्गंधीवर जैवगाळणी : कोकणातील लहान उद्योगासाठी उभारणी आणि देखभाल

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर मासळी उतरवणे, निवडणे, सुकवणे, गोठवणे आणि उरलेल्या कुटीचे, म्हणजे खाण्यासाठी न विकल्या जाणाऱ्या बारीकसारीक मासळीचे, फिशमील (मासळीचे पीठ) करणे हे सारे उद्योग वस्तीला अगदी लागून चालतात. कारखान्याच्या भिंतीपलीकडे कोणाचे तरी अंगण, पलीकडच्या वळणावर शाळा, अशी इथली रचना असल्यामुळे दुर्गंधीची तक्रार आली की उंच धुराडे बांधून किंवा सुगंधी द्रव्य फवारून ती मिटत नाही. दुर्गंधीयुक्त हवा ओलसर सेंद्रिय थरातून नेऊन तिच्यातील वायू सूक्ष्मजीवांकडून नष्ट करवून घेणे, म्हणजेच जैवगाळणी किंवा बायोफिल्टर, हा त्यावरचा कमी खर्चाचा आणि इथल्या साहित्यातून उभा राहू शकणारा उपाय आहे. ज्यांनी असे काम पूर्वी केलेले नाही अशा लहान कारखान्याच्या मालकांसाठी आणि तिथे नव्याने रुजू झालेल्या अभियंत्यांसाठी हा लेख लिहिला आहे.

गाळणी म्हटले तरी ती गाळत नाही

‘गाळणी’ या शब्दामुळे नवख्या माणसाचा पहिला गैरसमज असा होतो की थरात वायू अडकून राहतो आणि थर भरला की तो बदलावा लागतो. प्रत्यक्षात थरात भरलेल्या साहित्याच्या, म्हणजे भरणाच्या, प्रत्येक तुकड्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, त्या पाण्यात सूक्ष्मजीवांची वसाहत असते, हवेतील वायू आधी या पाण्यात विरघळतो आणि मग सूक्ष्मजीव ऑक्सिजनच्या मदतीने त्याचे अन्न करतात. कुजक्या अंड्यासारखा वास देणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडपासून थायोबॅसिलससारखे जीवाणू सल्फ्युरिक आम्ल बनवतात. सडक्या मासळीचा ओळखीचा वास मुख्यतः ट्रायमिथाइल अमीनचा असतो. त्याचे विघटन होताना अमोनिया सुटतो आणि त्या अमोनियाचे नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर या जीवाणूंकडून टप्प्याटप्प्याने नायट्रेट होते. वायू पाण्यात विरघळल्याशिवाय यांतले काहीही घडत नाही, म्हणून जैवगाळणीचे यश इतर कशाहीपेक्षा ओलाव्यावर अवलंबून असते. पुढच्या प्रत्येक पायरीत पाण्याचा विषय पुन्हा पुन्हा येईल, त्याचे कारण हेच आहे.

ही कल्पना जुनी आहे. सांडपाण्यातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड जीवाणूंकडून नष्ट करवावा असा विचार जर्मनीत १९२३ साली मांडला गेला होता. अमेरिकेत रिचर्ड पोमेरॉय यांना मातीच्या थरातून दुर्गंधी घालवण्याच्या पद्धतीचे पेटंट १९५७ साली मिळाले. १९८० नंतर जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये खतनिर्मिती, कत्तलखाने आणि खाद्यप्रक्रिया या उद्योगांत तिचा मोठा प्रसार झाला.

तिच्या मर्यादा मात्र सुरुवातीलाच मान्य कराव्यात. बॉयलरच्या धुरातील राख व सल्फर डायऑक्साइड हे तिचे काम नव्हे. धूळ आणि तेलकट वाफ थराची छिद्रे बुजवतात. काजू भाजताना निघणाऱ्या धुरात टरफलाचे चिकट, फिनॉलयुक्त तेल असते. तो धूर नीट धुऊन घेतल्याखेरीज थरात सोडल्यास काही दिवसांत थर गच्च होईल आणि जीवाणूही मरतील. ४० अंश सेल्सिअसपेक्षा गरम हवाही या जीवाणूंना मानवत नाही.

सुरुवात बर्फापासून

जैवगाळणीचा पहिला खर्च बर्फावर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जिवंत समुद्री मासळीत ट्रायमिथाइल अमीन जवळजवळ नसते. मासळी मेल्यावर तिच्या अंगातील ट्रायमिथाइल अमीन ऑक्साइड या बिनवासाच्या द्रव्यापासून जीवाणू ते तयार करतात आणि जितकी उष्णता व जितका उशीर, तितके ते वाढत जाते. कुटी मासळी बोटीवर बर्फाविना येत असेल आणि कारखान्याच्या टाकीत रात्रभर पडून राहत असेल, तर कितीही मोठा थर बांधला तरी तो अपुरा पडेल.

त्यानंतर दुर्गंधी कोठून सुटते त्याची फेरी मारून नोंद करावी. मासळीची टाकी, कुकर, प्रेस, ड्रायर, सांडपाण्याची टाकी आणि गाडी खाली होते ती जागा ही नेहमीची ठिकाणे आहेत. उघड्या शेडमधली सगळी हवा ओढत बसण्याऐवजी प्रत्येक ठिकाणी झाकण किंवा पडदा घालून फक्त तिथली हवा ओढली तर हवेचे एकूण प्रमाण पुष्कळ कमी होते आणि थराचा आकार त्याच प्रमाणात घटतो. झाकणाच्या फटीजवळ अगरबत्ती धरावी. धूर आत ओढला गेला तर पुरेशी हवा ओढली जात आहे, बाहेर पडला तर नाही.

याच काळात वाऱ्याची वही सुरू करावी. किनाऱ्यावर दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात आणि रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात, त्यामुळे कारखाना वस्ती आणि समुद्र यांच्या मध्ये असेल तर दुपारी वरच्या वाडीला त्रास होतो, आणि कारखाना आत असेल तर पहाटे किनाऱ्यावरच्या घरांना. शेजारच्या दोन-तीन घरांना विनंती करून वास येण्याची वेळ आणि तीव्रता रोज लिहून घ्यावी. जैवगाळणी सुरू झाल्यावर तिचे काम पारखण्यासाठी या वहीइतका प्रामाणिक पुरावा दुसरा नसतो, आणि तक्रारदार शेजारी त्यात सहभागी झाल्याने संवादही टिकून राहतो.

मोजमाप, आणि जिवाची काळजी

प्रत्येक नळातील हवेचा वेग अ‍ॅनिमोमीटरने मोजून त्याला नळाच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणले की हवेचे प्रमाण मिळते. हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया यांच्यासाठी वायुदर्शक नळ्या किंवा हातात धरण्याचे मापक वापरावे. एकच मोजमाप पुरेसे नसते. मासळी ताजी असलेला दिवस, शिळी असलेला दिवस, कुकर उघडण्याची वेळ अशी निरनिराळी मोजमापे घ्यावीत.

इथे एक गोष्ट अतिशय गांभीर्याने सांगावीशी वाटते. मासळीच्या बंद टाकीत, सांडपाण्याच्या खड्ड्यात किंवा जैवगाळणीच्या तळाशी असलेल्या हवेच्या पोकळीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. तो हवेपेक्षा जड असतो आणि साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या) पुढे नाकाला त्याचा वास येणेच बंद होते, त्यामुळे ‘वास गेला, आता उतरायला हरकत नाही’ हा समज प्राणघातक ठरतो. मापकाने तपासल्याशिवाय, भरपूर हवा खेळवल्याशिवाय आणि बाहेर दोरी धरून दुसरा माणूस उभा असल्याशिवाय कोणीही आत उतरू नये. आत कोणी कोसळला तर श्वसनयंत्राशिवाय त्याच्यामागे उडी घेऊ नये.

हवा थंड आणि ओली करणे

ड्रायरमधून निघणारी हवा गरम, वाफेने भरलेली आणि मासळीच्या पिठाचे कण वाहून आणणारी असते. ती आधी सायक्लोनमधून, म्हणजे हवा गरगर फिरवून कण वेगळे करणाऱ्या नळकांड्यातून, आणि मग वाफ थंड करणारा कंडेन्सर किंवा पाण्याच्या फवाऱ्याच्या मनोऱ्यातून नेऊन ३५ अंशांच्या खाली आणावी. फवाऱ्यात पिठाचे कण, तेलाचा अंश आणि पाण्यात सहज विरघळणारा बराचसा अमोनियाही धुतला जातो. फवाऱ्याला समुद्राचे पाणी चालते, पण त्याचे तुषार थरावर जाता कामा नयेत, कारण साठत जाणारे मीठ जीवाणूंना घातक असते. म्हणून मनोऱ्याच्या माथ्यावर तुषार अडवणारी जाळी आवश्यक आहे.

शेडमधली साधी हवा थंडच असते, पण ती कोरडी असते, आणि नवख्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. कोकणातली हवा दमट म्हणून तिला वेगळे ओले करण्याची गरज नाही असे सगळ्यांना वाटते. ३२ अंश तापमानाची आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा थरातून जाताना दर घनमीटरमागे सुमारे ३ ग्रॅम पाणी घेऊन जाते. ताशी १,८०० घनमीटर हवा आणि दिवसाचे १० तास धरले तर रोज ५० लिटरहून अधिक पाणी थरातून नाहीसे होते. हे पाणी हवा जिथून आत शिरते त्या तळाच्या भागातूनच जाते. वरून कितीही शिंपडले तरी ते तळापर्यंत सारखे पोहोचत नाही. वरचा थर चिखलासारखा ओला आणि खालचा कोरडा ठणठणीत, अशी अवस्था मी स्वतः उकरून पाहिली आहे. म्हणून हवा थरात शिरण्यापूर्वीच तिची आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर नेणारा फवारा नळमार्गात बसवावा. त्यासाठी गोडे पाणी लागते, आणि एप्रिल-मे महिन्यांत ते मिळणार आहे का याचा हिशेब आराखड्याच्या वेळीच करावा.

आकाराचा हिशेब

हवा थराच्या आकारमानाएवढ्या जागेतून जायला जितका वेळ घेते त्याला संपर्ककाळ म्हणू. सौम्य दुर्गंधीला ३० सेकंद चालतात, मासळीच्या उद्योगात ६० सेकंदांपेक्षा कमी धरू नये. ताशी १,८०० घनमीटर म्हणजे सेकंदाला अर्धा घनमीटर हवा. तिला ६० सेकंद द्यायचे तर ३० घनमीटर भरण लागेल. थराची उंची १.२ मीटर ठेवली तर क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे पाच मीटर लांब आणि पाच मीटर रुंद एवढी जागा झाली. उंची दीड मीटरपेक्षा वाढवून जागा वाचवण्याचा मोह टाळावा, कारण स्वतःच्या वजनाने तळाचे भरण दबते. शक्य असेल तर मध्ये भिंत घालून दोन कप्पे करावेत, म्हणजे एक दुरुस्तीला काढला तरी दुसरा चालू राहतो.

थर, नळ आणि फवारा यांचा मिळून विरोध १५० मिलिमीटर पाण्याच्या दाबाइतका धरला आणि ब्लोअरची कार्यक्षमता ५० टक्के मानली तर दीड किलोवॉटच्या आसपास शक्ती लागते. तीन अश्वशक्तीची मोटार त्याला पुरते. ब्लोअर आणि नळ पत्र्याचे घेऊ नयेत. खारी हवा आणि हायड्रोजन सल्फाइड एकत्र आल्यावर जस्ताचा मुलामा फार काळ टिकत नाही. फायबरचा किंवा पॉलिप्रोपिलीनचा ब्लोअर आणि प्लॅस्टिकचे नळ सुरुवातीला महाग वाटले तरी तेच घ्यावेत.

हौद आणि छप्पर

जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत चालते, पण आतून आम्लरोधक लेप किंवा जाड प्लॅस्टिकचे अस्तर हवेच, कारण थरातून झिरपणारे आम्लयुक्त पाणी सिमेंट खाते. तळाला निचऱ्याच्या दिशेने उतार द्यावा, त्यावर हवा पसरण्यासाठी अर्धा मीटर पोकळी ठेवून फायबरची जाळी बसवावी. हवा नेहमी भिंतीच्या कडेने पळवाट काढते. भिंतीला आतून वीतभर पुढे येणारी आडवी पट्टी बांधली की ती वाट बंद होते. निचऱ्याच्या नळीला पाण्याचा सापळा द्यावा, नाहीतर हवा तिथूनच बाहेर जाईल. निचऱ्याचे पाणी कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रियेकडेच न्यावे. ते वहाळात सोडणे बेकायदेशीर आहे.

छप्पर हा कोकणात ऐच्छिक भाग नाही. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. २५ चौरस मीटरच्या उघड्या थरावर तो पडला तर ७५,००० लिटर पाणी त्यातून जाईल, छिद्रे पाण्याने भरतील, ऑक्सिजन संपेल आणि दुर्गंधी घालवणारा थर स्वतःच कुजून दुर्गंधी देऊ लागेल. परदेशी पुस्तकांतील आराखड्यांत थर बहुधा उघडा दाखवलेला असतो, आणि तोच आराखडा जसाच्या तसा इथे उतरवलेला मी पाहिला आहे. जुलै संपण्याआधी तो हौद रिकामा करावा लागला. छप्पर उंच असावे, बाजू हवेसाठी मोकळ्या असाव्यात आणि नैर्ऋत्येकडून येणाऱ्या तिरप्या पावसासाठी त्या बाजूला झड अडवणारा आडोसा असावा.

भरण

भरणाला एकाच वेळी पाणी धरता आले पाहिजे, हवेला वाट देता आली पाहिजे, लवकर कुजता कामा नये आणि जीवाणूंना पोषण मिळाले पाहिजे. एकाच पदार्थात हे सगळे गुण नसतात म्हणून मिश्रण करावे लागते, आणि त्या मिश्रणाचे जवळजवळ सर्व घटक कोकणात घराच्या मागेपुढे मिळतात.

मुख्य भाग नारळाच्या सोडणांचा असावा. सोडणांचे तीन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे करावेत. त्यांतील लिग्निनमुळे ती सावकाश कुजतात आणि तुकड्यांमुळे हवेला वाट राहते. नुसता काथ्याचा भुसा वापरू नये, तो पाणी उत्तम धरतो पण दबून गच्च होतो. सोडणे खाडीच्या पाण्यात मुरवलेली असतील तर त्यांत मीठ असते आणि ताज्या सोडणांतून टॅनिन सुटते, म्हणून ती गोड्या पाण्यात भिजवून, ते पाणी दोन-तीन वेळा बदलून मग घ्यावीत. आकारमानाने साधारण दोन तृतीयांश सोडणे, एक चतुर्थांश चांगले कुजलेले व चाळलेले कंपोस्ट आणि उरलेला भाग फोडलेल्या शिंपल्यांचा, असे प्रमाण ठेवावे.

शिंपल्यांचे काम आम्ल मारण्याचे. तिसऱ्या आणि कालवे यांची कवचे जवळजवळ पूर्णपणे कॅल्शियम कार्बोनेटची असतात. एक किलो हायड्रोजन सल्फाइडपासून होणारे आम्ल मारायला सुमारे तीन किलो कॅल्शियम कार्बोनेट लागते. वरच्या उदाहरणात हवेत सरासरी २० पीपीएम हायड्रोजन सल्फाइड असेल तर ताशी ५० ग्रॅम, दिवसाला अर्धा किलो आणि २४० दिवसांच्या हंगामात १२० किलो वायू थरात येतो. त्याला ३५० किलो शिंपल्या लागतील. शिंपल्यांवर जिप्समचे कवच चढून आतला भाग निकामी होतो, म्हणून हिशेबाच्या दुप्पट घालाव्यात.

हौद भरताना भरणावर चालू नये. फळ्या टाकून त्यांवर उभे राहावे, भरण आधीच ओले करून घ्यावे आणि हाताने सारखे पसरावे.

जीवाणूंची पेरणी आणि पहिले आठवडे

बाटलीबंद जीवाणू विकत घेण्याची गरज नसते. आपल्याच सांडपाणी प्रक्रियेतील वायुवीजन टाकीचा गाळ दोनशे-तीनशे लिटर पाण्यात कालवून थरावर फवारावा. त्यातील जीवाणू मासळीच्या द्रव्यांना आधीच सरावलेले असतात. तो नसेल तर ताज्या शेणाचा पातळ, गाळून घेतलेला काला चालतो. पहिल्या आठवड्यात निम्मीच हवा सोडावी. हायड्रोजन सल्फाइड काही दिवसांतच कमी होऊ लागतो. अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू मात्र फार सावकाश वाढतात, त्यामुळे मासळीचा वास जाऊन त्या जागी काही आठवडे अमोनियाचा उग्र वास येऊ शकतो. या टप्प्यावर घाबरून पुष्कळ जण थर उपसतात. तीन ते सहा आठवडे धीर धरावा. काम नीट सुरू झाले की थरावरून फक्त ओल्या मातीसारखा वास येतो आणि हायड्रोजन सल्फाइड नव्वद टक्क्यांहून अधिक घटलेला मापकावर दिसतो.

रोजची आणि आठवड्याची देखभाल

ओलावा वजनाने ५० ते ६० टक्के असावा. वरून, मधून आणि तळातून मूठभर भरण काढून दाबावे. बोटांमध्ये ओल लागली पण थेंब गळाले नाहीत तर ते योग्य आहे. आठवड्यातून एकदा १०० ग्रॅम नमुना १०५ अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवून खात्री करावी.

थराचा विरोध मोजायला महाग उपकरण नको. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षराच्या आकारात वाकवून, तीत रंगीत पाणी भरून एक टोक तळाच्या पोकळीला जोडावे. आकडा आठवड्यामागून आठवडा चढत गेला तर थर दबतो आहे किंवा चिकटपणाने भरतो आहे. अचानक उतरला तर कोरडेपणामुळे भेग पडून हवा तिथून पळते आहे. निचऱ्याच्या पाण्याचा सामू (पीएच) आठवड्यातून एकदा पट्टीने पाहावा. अमोनिया आणि अमीन यांच्यासाठी तो ६ ते ८ असावा. ५च्या खाली गेला तर वरून गोडे पाणी सोडून आम्ल धुवावे आणि शिंपल्यांचा चुरा मिसळावा.

या सगळ्या नोंदी तारीखवार ठेवाव्यात. हवा प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, १९८१ नुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते आणि संमतीपत्राच्या नूतनीकरणाच्या वेळी अशी वही फार उपयोगी पडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००८ साली दुर्गंधी नियंत्रणाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. आराखडा करण्यापूर्वी ती वाचावीत.

मासेमारी बंदीचे दिवस

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. कारखाना थांबतो, वायू येत नाही, म्हणजे जीवाणूंचे अन्न थांबते. ब्लोअर पूर्ण बंद केला तर थराच्या आत ऑक्सिजन संपतो. पूर्ण वेगाने चालू ठेवला तर थर विनाकारण वाळतो. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास, कमी वेगाने हवा सोडावी, फवारा चालू ठेवावा आणि शक्य असेल तर सांडपाण्याच्या टाकीवरची हवा त्यातून न्यावी, म्हणजे थोडे अन्नही मिळते. थर दबला असेल तर तो उकरून सैल करण्याचे, कमी झालेले भरण टाकण्याचे आणि शिंपल्या बदलण्याचे काम याच दोन महिन्यांत करावे. भरण साधारण तीन ते पाच वर्षांनी पूर्ण बदलावे लागते. जुन्या भरणाचा सामू आणि क्षार तपासून, आम्लता चुन्याने मारल्यावरच ते नारळाच्या आळ्यात घालावे.

बंदी उठण्याच्या दहा-बारा दिवस आधी वायुवीजन टाकीचा गाळ पुन्हा एकदा थरावर फवारावा, ओलावा व सामू पाहून घ्यावा आणि पहिल्या बोटींची मासळी आल्यावर सुरुवातीचे तीन-चार दिवस कारखाना निम्म्या क्षमतेने चालवावा, कारण याच दिवसांत समुद्राकडून येणारे मोसमी वारे जोरात असतात आणि दोन महिने मोकळी हवा घेतलेल्या वाडीला वास सर्वांत आधी जाणवतो.